रोज एक संत, रोज एक काम: वर्षभर वापरलेल्या टेबल कॅलेंडरबद्दल

पूर्ण वर्ष वापरल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं, काल २०२५ चं शेवटचं पान उलटलं म्हणून आता लिहितेय. वस्तू साधी आहे. टेबलावर उभं राहणारं स्पायरलचं कॅलेंडर, रोज एक पान, वर तारीख, त्या दिवसाच्या संताचं नाव, पोस्टाच्या तिकिटापेक्षा जरा मोठं चित्र, सहा-सात ओळींत आयुष्य आणि तळाला चौकटीत 'आजचं काम'. किंमत २८० रुपये. २०२४ च्या डिसेंबरात, नाताळाआधीच्या आगमनकाळातल्या एका रविवारी मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, सुटल्यावर आमच्या इथे वसईत चर्चच्या आवारात टेबल मांडलं होतं, तिथून घेतलं. छापणाऱ्यांचं नाव लिहीत नाही कारण पुढे काही तक्रारी पण करणार आहे, आणि माणसं छोटी आहेत, मनापासून करतात.

घेण्यामागचं कारण सांगते, नाहीतर रिव्ह्यू अर्धवट राहील. त्याच वर्षी जुलैमध्ये माझी आई गेली. तेव्हापासून संध्याकाळची रोझरी चालू होती, रविवारची मिस्सा चालू होती, पण आत काहीच होत नव्हतं, बोटं मणी सरकवतायत, तोंड 'नमो मरिया' म्हणतंय आणि मी कुठेतरी भलतीकडेच. देवावर राग होता असंही नाही, राग असता तर निदान काहीतरी असतं. टेबलावरच्या ताई म्हणाल्या की यात मोठं वाचन नाही, रोजचं एक छोटं काम आहे, आणि त्या 'काम' शब्दामुळे मी पाकीट उघडलं.

ठेवलं कुठे तर ओट्यावर, मिक्सरच्या बाजूला, कारण सकाळी डबे भरताना मी एका जागी उभी असते ती तिथेच. सातच्या लोकलला अंधेरीला जायचं असतं. बेडरूममध्ये ठेवलं असतं तर आठवड्यात धूळ बसली असती.

पहिले दोन-तीन आठवडे काही विशेष वाटलं नाही. जन्म, तप, चमत्कार, मरण असंच चाललेलं. मग २४ जानेवारीचं पान आलं, संत फ्रान्सिस द सेल्स, १५६७ ते १६२२, जिनिव्हाचे बिशप. त्यांचं म्हणणं असं की भक्ती ज्याच्या त्याच्या आयुष्याच्या मापाची पाहिजे, बिशपने मठातल्या एकांतवासी साधूसारखं राहायला जाऊ नये आणि संसारी माणसाने फकिरी संन्याशांची नक्कल करू नये, कारागिराने दिवसभर देवळात बसून काम टाकलं तर ती भक्ती बिघडलेली आहे. मी पोळी तव्यावर तशीच ठेवून ते दोनदा वाचलं, पोळी करपली. इतकी वर्षं मला वाटायचं की माझी भक्ती कमी पडते कारण मला वेळ नाही, ननसारखं पहाटे तासभर बसता येत नाही. चारशे वर्षांपूर्वीचा एक बिशप सांगतोय की तुझ्याकडून ते मागितलेलंच नाही. त्या दिवसाचं काम होतं, 'कुणी आवाज चढवला तर तुम्ही एक पट्टी खाली या.' ऑफिसमध्ये महिनाअखेर जवळ आली होती, अकाउंट्सवाल्यांना माहितीये तेव्हा काय वातावरण असतं, आणि मला दोनदा खाली यावं लागलं.

पण ज्या पानाने पैसे वसूल झाले ते १२ फेब्रुवारीचं. ब्रदर लॉरेन्स. हे अधिकृत संत नाहीत, या कॅलेंडरचं मला हे आवडलं की त्यांनी अधेमधे अशी माणसंही घेतलीत. सतराव्या शतकातलं पॅरिस, कार्मेल नावाच्या साधूंच्या संघाचा मठ. हा माणूस आधी सैन्यात होता, जखमेमुळे पाय लंगडा, मठात आला तर त्याला स्वयंपाकघरात टाकलं. आणि त्याला स्वयंपाकाची मुळात नावड होती! हे वाचून मला किती बरं वाटलं सांगता येत नाही, कारण संत म्हटलं की सगळं आवडीनेच करणारी माणसं डोळ्यापुढे येतात. वर्षानुवर्षं तो तिथे राबला, पुढे मठातल्या लोकांच्या चपला शिवायचं काम आलं. तो म्हणायचा की भांड्यांच्या खडखडाटात चार माणसं एकाच वेळी चार गोष्टी मागत असताना मला देव तितकाच जवळ असतो जितका वेदीपुढे गुडघे टेकल्यावर. जमिनीवरची काडी उचलायची तरी देवाच्या प्रेमापोटी उचलायची.

काम होतं, 'आज एक भांडं देवासाठी घासा.' एकच. मी कुकर घेतला. डाळ उतू जाऊन झाकणाला आणि शिट्टीच्या खाली पिवळा थर बसतो ना, तो टूथब्रशने काढला, रिंग काढून खाच पुसली, कडेचं तेलकट सगळं काढलं, आणि मनात काही पवित्र वगैरे विचार आला नाही, फक्त हात चालू होते आणि मी तिथेच होते. सात महिन्यांत पहिल्यांदा मी जिथे उभी होते तिथेच होते. एवढंच झालं. पण दुसऱ्या दिवशी परत एक भांडं घेतलं, आणि आता ती सवय झालीये, रोज एक.

हाच धागा ऑक्टोबरमध्ये परत आला, १५ तारखेला, आविलाची संत तेरेजा. स्पेनची, १५१५ ते १५८२. ती आपल्या सिस्टरांना सांगायची की कामामुळे स्वयंपाकघरात अडकलात तर कुढू नका, हंड्याभांड्यांत पण प्रभू फिरत असतो. पानावर लिहिलं होतं की ती ४ ऑक्टोबर १५८२ च्या रात्री गेली आणि दुसऱ्या दिवशी १५ ऑक्टोबर होता. सासूबाईंना वाचून दाखवलं तर म्हणाल्या, 'अगं छापायची चूक असेल, मधले दहा दिवस गेले कुठे?' चूक नाहीये. पोप ग्रेगरींनी त्याच वर्षी जुनं कॅलेंडर बदलून नवीन लावलं आणि बरोबर त्याच रात्री दहा दिवस गाळले गेले, म्हणून तिचा सण १५ ला. सासूबाईंना हे इतकं आवडलं की त्या आठवड्यात भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी ते सांगितलं. छापणाऱ्यांनी हे कारण एका ओळीत द्यायला हवं होतं, नाहीतर बाकीचेही सासूबाईंसारखीच चूक समजणार.

आता छोट्या तेरेजाबद्दल, फ्रान्समधल्या लिझ्यूची, बाळ येशूची संत तेरेजा. १ ऑक्टोबर. पंधराव्या वर्षी कार्मेल मठात गेली, १८९७ मध्ये चोविसाव्या वर्षी क्षयाने गेली, आणि २०२५ मध्ये तिला संतपद मिळून शंभर वर्षं झाली. मोठं असं काहीच केलं नाही तिने, तेच तिचं म्हणणं, छोट्या गोष्टी प्रेमाने करायच्या. प्रार्थनेच्या वेळी तिच्या मागे एक सिस्टर बसायची जिच्याकडून सतत दोन शिंपले एकमेकांवर घासल्यासारखा आवाज यायचा. तेरेजाला इतकं असह्य व्हायचं की घाम फुटायचा. मागे वळून नुसतं बघितलं असतं तरी आवाज थांबला असता, पण तिने ठरवलं की हा आवाज टाळायचा नाही, उलट नीट ऐकायचा, एखाद्या मैफिलीसारखा, आणि तो प्रभूला द्यायचा. आम्ही किनाऱ्यावरची माणसं, शिंपल्यांचा तो आवाज मला कानात ऐकू आला. आणि लेडीज डब्यात शेजारी बसून फुल आवाजात रील्स बघणाऱ्या बाया आठवल्या. मी प्रयत्न केला, वसई ते अंधेरी नाही जमलं, नायगाव ते भाईंदर खाडी संपेपर्यंत जमलं. तेवढं पण खरं आहे.

पण याच पानाशी माझं भांडण आहे आणि ते स्पष्ट लिहिते. पानावर दुसरा प्रसंग पण होता, धुणं धुताना समोरची सिस्टर घाण पाणी तिच्या तोंडावर उडवायची आणि तेरेजा तोंड न पुसता तशीच काम करत राहायची. आणि खाली काम, 'आज कुणी त्रास दिला तर गप्प सोसा.' हे असं छापायला नको होतं. किरकिऱ्या आवाजाचा त्रास वेगळा आणि अन्याय वेगळा. आपल्याकडे बायकांना जन्मापासून 'सोस' एवढंच सांगितलं जातं, घरात हात उगारला जातो तिथे पण सोस, आणि हे कॅलेंडर ज्या घरांत जाणार त्यातल्या एखाद्या घरात अशी बाई असणार. तेरेजाने स्वतःहून निवडलं होतं, आणि समोरची मुद्दाम करत नव्हती. एवढी एक ओळ घातली असती तर अर्थ बदलला असता.

हे म्हणायचं कारण म्हणजे २९ एप्रिलच्या पानावर पण तेच केलंय. सिएनाची संत कॅथरीन, कापड रंगवणाऱ्याची मुलगी, तेहतिसाव्या वर्षी १३८० मध्ये गेली. पानभर फक्त दृष्टांत आणि उपास. अरे, या बाईने फ्रान्समध्ये आविन्योंला जाऊन बसलेल्या पोपला पत्रं लिहून, समोर जाऊन सांगितलं की रोमला परत चला, आणि अकरावे ग्रेगरी १३७७ मध्ये खरंच परत आले. हे कसं गाळता येतं? आविलाच्या तेरेजाबद्दल पण भांडीच भांडी, तिने विरोध अंगावर घेऊन मठ सुधारले, बैलगाडीतून फिरून सतरा मठ उभे केले हे नाही. कॅलेंडर लिहिणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे, बायकांची अर्धीच गोष्ट छापू नका. ज्या मुली हे वाचतील त्यांना पोपला पत्र लिहिणारी पण भेटली पाहिजे.

आमच्या गोन्सालो गार्सियाचं पान तर सगळ्यात लंगडं निघालं, आणि ते वसईत विकायला ठेवलेल्या कॅलेंडरमध्ये. ६ फेब्रुवारी. चार ओळी, 'भारताचे पहिले संत, जपानमध्ये रक्तसाक्षी', म्हणजे श्रद्धेसाठी मरण पत्करलेले, झालं. गोन्सालो १५५७ मध्ये वसईत जन्मला, वडील पोर्तुगीज, आई इथली. जेझुइट संघाच्या फादरांबरोबर पोरवयात जपानला गेला, भाषा शिकला, त्यांच्याबरोबर वर्षानुवर्षं काम केलं, पण संघात घेतलं गेलं नाही. मग त्याने व्यापार केला. पुढे मनिलाला फ्रान्सिस्कन संघात साधा ब्रदर झाला, आणि त्याच संघाचे फादर पेद्रो बाउतिस्ता जपानला निघाले तेव्हा दुभाषी म्हणून हाच लागला, कारण जपानी येत होती. ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीला सव्वीस जणांना क्रुसावर मारलं त्यात हा एक. संतपद १८६२ मध्ये. नकार मिळाला त्या वर्षांत शिकलेली भाषा पुढे कामाला आली, ही गोष्ट आमच्या इथल्या प्रत्येक मुलाला सांगण्यासारखी आहे ज्याला कुठेतरी ॲडमिशन मिळाली नाही. काम काय दिलं होतं तर 'देशासाठी प्रार्थना करा'. ठीक आहे, पण हे काम कुठल्याही पानावर चाललं असतं.

त्यामानाने पंडिता रमाबाईंचं पान, ५ एप्रिल, फार सुंदर जमलंय. त्या काही कॅथलिक संत नाहीत पण घेतलंय हे मोठं मन. दुष्काळात वाऱ्यावर पडलेल्या बायका-मुली केडगावला आपल्या मुक्ती मिशनमध्ये आणल्या, आणि म्हातारपणी हिब्रू-ग्रीकवरून साध्या मराठीत बायबल उतरवलं, ते छापण्याचं काम पण मुक्तीतल्याच बायकांनी केलं. १९२१ मध्ये मुलगी मनोरमा गेली, ती असताना सगळा भार उचलणारी, आणि आई तरीही भाषांतराचे कागद तपासत राहिली, १९२२ मध्ये स्वतः जाईपर्यंत. माझी आई गेली तेव्हा मी महिनाभर कुठल्याच कागदाला हात लावला नव्हता. चौकटीत होतं, 'अर्धवट राहिलेलं एक काम पुढे न्या.' आईने नातवासाठी विणायला घेतलेला स्वेटर होता, एक बाही राहिलेली. मला तिच्याइतकं नीट येत नाही, टाके घट्ट पडतात, पण त्या रात्री सुया काढल्या. मे महिन्यात कवी रेव्हरंड ना. वा. टिळक पण होते, ९ तारखेला, तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापाशी आलो म्हणणारे, त्यांचं पान छोटं पण नेमकं.

आता मुलाबद्दल, कारण हे पान नसतं तर मी इतकं लांबलचक लिहिलंच नसतं. एकोणीस वर्षांचा आहे, दीड वर्ष मिस्साला येत नाही. दर रविवारी सकाळी घरात तेच, मी बोलणार, तो दार लावून घेणार. २७ ऑगस्टला गणेश चतुर्थीची सुट्टी होती, शेजारच्या काकूंकडून मोदक आले होते, घरात निवांत होतं, आणि पान होतं संत मोनिकेचं. तिचा मुलगा ऑगस्टीन, हुशार, आईला चुकवणारा. ती किनाऱ्यावरच्या देवळात रात्रभर प्रार्थना करत बसलेली असताना खोटं सांगून जहाजात बसून रोमला निघून गेला. आई मागोमाग मिलानपर्यंत गेली. त्याआधी एका बिशपकडे जाऊन ती रडली होती की तुम्ही त्याला समजवा, आणि बिशप म्हणाले त्याला आत्ता सोड, नुसती प्रार्थना कर, ज्याच्यासाठी इतके अश्रू गेले तो वाया जाणार नाही. ३८७ च्या ईस्टरला ऑगस्टीनचा बाप्तिस्मा झाला, ती त्याच वर्षी गेली.

काम होतं, 'आज मुलांना धर्माबद्दल एक शब्द बोलू नका.' मी ते एका दिवसाचं न धरता पुढेच धरलं. पहिल्या रविवारी जीभ अक्षरशः दाताखाली धरली. तिसऱ्या की चौथ्या रविवारी तो स्वतः उठून म्हणाला आजीला मी स्कूटरवर सोडतो, तिला चालत नको. सोडतो, आणि मिस्सा संपेपर्यंत बाहेर चिंचेखाली मोबाईल घेऊन थांबतो. आत येत नाही अजून. मी विचारलेलं नाही.

कॅलेंडरमधलं एकच पान त्याने आपणहून वाचलं, १२ ऑक्टोबरचं, कार्लो अकुटिस, इटलीचा, कॉम्प्युटरवेडा, पंधराव्या वर्षी २००६ मध्ये रक्ताच्या कॅन्सरने गेलेला, जीन्स आणि स्पोर्ट्स शूजमध्ये त्याचा देह असिसीला दर्शनासाठी ठेवलाय. छापताना 'धन्यवादित' लिहिलंय, म्हणजे संतपदाच्या एक पायरी आधी, आणि प्रत्यक्षात ७ सप्टेंबरला तो संत झाला. मुलाने पेनने खोडून वर 'संत' लिहिलं. ते पान मी तसंच ठेवलंय.

कागद-छपाईबद्दल. कागद बरा आहे, पण स्पायरल पावसाळ्यात गंजला, ओट्याची वाफ पण असेल. १२ आणि १३ जूनची पानं एकमेकांना चिकटली, १३ म्हणजे संत अँथनी, आमच्याकडे हा सण महत्त्वाचा, सासूबाईंनी सुरीच्या पाठीने हळूहळू सोडवलं तरी अर्धं चित्र मागच्या पानावर राहिलं. चौकटीतला फॉन्ट बारीक, वयस्कर माणसांना अजिबात वाचता येत नाही. भाषा काही पानांवर छान बोलकी तर काही ठिकाणी सरळ इंग्रजीवरून उचललेली, 'तिने आपल्या दुःखांना आलिंगन दिले' असं आपल्यात कोण बोलतं? आणि लग्न झालेले संत फारच कमी, १२ जुलैला छोट्या तेरेजाचे आईवडील झेली आणि लुई मार्टिन आले तेव्हा बरं वाटलं, ती लेस विणायचा धंदा सांभाळणारी, तो घड्याळजी, नऊ मुलांतली चार लहानपणीच गेली. अशी जोडपी अजून शोधा.

५ सप्टेंबरचं राहिलं. मदर तेरेसा. त्यांची पत्रं बाहेर आल्यावर कळलं की जवळजवळ पन्नास वर्षं त्यांना प्रार्थनेत काहीच जाणवत नव्हतं, नुसता अंधार, आणि तशातच त्या रोज चारला-पाचला उठून कामाला लागायच्या. चौकटीत फक्त एवढं होतं, 'काही वाटलं नाही तरी आजची प्रार्थना करा.' मी ओट्याशी उभी राहून रडले, आई गेल्यानंतर नीट अशी पहिल्यांदाच. मला चौदा महिने वाटत होतं की माझ्यात काहीतरी बिघडलंय. रोझरी अजूनही बऱ्याचदा कोरडीच जाते. पण आता ती मी लपवत नाही, फादरांना पण सांगितलं.

पाचपैकी चार देईन. ज्यांना संतांची चरित्रं सविस्तर हवीत त्यांनी घेऊ नका, त्यासाठी पुस्तकं आहेत. ज्यांना प्रार्थना जड झालीये, किंवा ज्यांच्याकडे सकाळची दहा मिनिटंच आहेत, त्यांनी जरूर घ्या, पण कपाटात नको, जिथे हात चालतात तिथे ठेवा, वाफेपासून थोडं लांब.

२०२६ चं घेतलंय, यंदा ३०० रुपये, स्पायरल प्लास्टिकचा केलाय. आज १ जानेवारी, देवमाता मरियेचा सण, चौकटीत आहे, 'आज आईला वेळ द्या.' सासूबाईंच्या पायांना तेल लावायचं आठवडाभर राहिलंय. वाटी गॅसवर ठेवली आहे, कोमट झालं असेल.